अंगात आलेली

मंगलाबाईंनी जेठासमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, कधी तोंड उघडलं नव्हतं. धुडकू जेठ घरात शिरले की कपाळापर्यंत पदर ओढायचा आणि जे सांगायचं ते नवऱ्याच्या, सुकदेवच्या, तोंडून सांगायचं. धुळ्याकडची रीत सुरतेत, लिंबायतच्या खोलीतही त्यांनी पाळली. राग गिळून गिळून बाईचं पोट भरलेलं, पण म्हणणार कोणाला?

सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षी श्रावणात घरात कानबाई, खानदेशची देवी, बसली. पूजेचा मान मंगलाबाईंच्या नव्या सुनेला, हर्षदाला. धुडकूंनी महाराज आणले होते. महाराज तास-दीड तास बोलले. शास्त्रात लिहिलंय म्हणे, ज्या घरात बाईचा मान राखतात तिथं देव सुखानं राहतात, आणि जिथं सुना दुःखी असतात त्या कुळाचा नाश होतो. धुडकू मान डोलावत होते, जसं काही हे सगळं त्यांच्याच घराचं वर्णन. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्या भाऊबंदांनीही माना डोलावल्या. भिंतीला टेकून बसलेल्या हर्षदाला तीन दिवस उपाशी ठेवून जात्यावर राबवलं होतं, ते कोणालाच आठवलं नाही.

आरतीच्या वेळी हर्षदा थरथरायला लागली. दात वाजत होते, डोळे फिरले होते.

"माय आली!" धुडकू ओरडले. "अंगात आली!"

झालं. पोरीच्या कपाळी कुंकवाचा मळवट भरला, गळ्यात हार घातला आणि बायका रांगेनं पाया पडू लागल्या. धुडकूंनी हात जोडून विचारलं, "माय, औंदा लूमला बरकत येईल का?"

हर्षदा कसंबसं म्हणाली, "पाणी."

"माय जल मागते," म्हणून धुडकूंनी तांब्याभर पाणी तिच्या पायांवर ओतलं. तोंडाला एक घोट कोणी लावला नाही. मेल्यांची अक्कल गहाण पडली होती की काय.

मंगलाबाईही रांगेत होत्या. पाया पडायला वाकल्या, तर सुनेचे पाय आत्ताच पाणी ओतूनही चटका देत होते. त्यांनी कपाळाला हात लावला, मानेला लावला. मग उठल्या, हार ओढून काढला आणि पोरीला उचलायला लागल्या.

"गोपाल, रिक्षा बोलाव. दवाखान्यात न्यायचंय."

गोपाल, त्यांचा मुलगा आणि हर्षदाचा नवरा, काकांकडे बघत उभाच राहिला. धुडकू दारात आडवे आले. "अंगातली देवी उंबऱ्याबाहेर नेशील तर घरची लक्ष्मी जाईल. कुळाचं वाटोळं होईल."

मंगलाबाईंचा पदर डोक्यावरून सरकला होता. त्यांनी तो सावरला नाही.

"जाऊ द्या लक्ष्मी," त्या जेठाच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या. "माझी सून ऱ्हायली पाहिजे. वाटोळं कशानं होतं ते महाराजांनी आत्ताच सांगितलं, तुम्ही फक्त मान डोलावली. बाजूला व्हा."

धुडकू बाजूला झाले नाहीत. मंगलाबाईंनी त्यांना खांद्यानं ढकललं. सुकदेव "अगं, अगं" करत मागेच राहिला. शेवटी शेजारच्या सरलाबाईंनी पोरीचे पाय धरले आणि दोघींनी तिला रिक्षात घातलं.

डॉक्टर म्हणाले, मलेरिया डोक्यात चढलाय, आणखी उशीर झाला असता तर हाती लागली नसती. चौथ्या दिवशी हर्षदानं डोळे नीट उघडले. सासूचा हात धरून ती म्हणाली, "आत्या, मला त्या घरात नाही जायचं. मला कामरेजला आईकडे पाठवा."

त्याच दिवशी सुकदेव आणि गोपाल न्यायला आले. धुडकूंनी निरोप धाडला होता की कानबाई रुसली आहे, सुनेनं घरी येऊन देवीपुढं नाक घासावं.

"ती येणार नाही," मंगलाबाई म्हणाल्या. "मी तिला कामरेजला पोचवते आणि तिथंच ऱ्हाते. नाक घासायचं असेल तर तुमच्या दादांना म्हणावं, कामरेजला या आणि पोरीपुढं घासा."

सुकदेवनं विचारलं, "आणि आमच्या जेवणाचं?"

मंगलाबाईंनी फणी हातात घेतली. त्या सुनेची वेणी घालायला बसल्या.