कोरा बॅज, काळी फिल्म

भावोजींसारखा शिस्तीचा माणूस आमच्या खात्याने पाहिला नाही. पाइपांच्या वेल्डिंगचे गॅमा किरणांनी फोटो काढणं हे त्यांचं काम, त्या फिल्म धुणं माझं. फोटोत जोडाचा नंबर उमटावा म्हणून प्रत्येक जोडावर शिशाचे आकडे ते असे सरळ लावत की ताई, म्हणजे माझी बहीण, म्हणायची, "मला कधी इतकं निरखून बघितलंय का?"

पण या शहाण्या माणसाला एक खोड होती. अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बॅज ते माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून जात. बॅजवरचा आकडा वाढला की साइटवरून उठवून टेबलावर बसवतात ना! सगळेच ठेवत. मीही हसत ठेवून घ्यायचे. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

मंगळवारी संध्याकाळी त्यांच्या फिल्म धुतल्या. सकाळच्या पहिल्या चार झकास. पाचवी आणि सहावी काळ्याकुट्ट. किरण सोडणारी गोळी तिच्या शिशाच्या डब्यात परत गेली नसली की फिल्म अशी जळते, आणि फिल्म तर जवळ जाऊन हाताने बदलावी लागते. दुपारच्या फिल्म ठीक होत्या, पण शिशाचे आकडे उलटे. एकच जोड दोनदा काढलेला. भावोजींच्या हातून!

मी धावत ताईच्या घरी गेले. भावोजी सदऱ्याची बटणं लावत होते, चुकीच्या काजांत, पुन्हा पुन्हा.

"उलटी झाली का?" मी विचारलं. किरणांची बाधा झाली की आधी उलटीच होते.

"सकाळीच झाली. पित्त असेल. आणि बॅजचं बोलू नकोस, दोघांच्याही नोकऱ्या जातील."

मी काळी फिल्म पर्समध्येच ठेवली आणि बुधवारी कुणाला काही न सांगता कामावर गेले.

गुरुवारी ते घराच्या जिन्यातच बसून राहिले, कुठे निघालो तेच आठवेना. ताईने आणि मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारल्यावर कंपनीने बॅज तपासून अहवाल पाठवला.

"बॅज कोरा आहे, किरण लागलेले नाहीत," डॉक्टर म्हणाले. "थकवा असेल. घरी न्या."

ताई रडता रडता हसली. भावोजींनी माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. नको.

"बॅज माझ्या ड्रॉवरमध्ये होता," मी म्हणाले आणि पर्समधली काळी फिल्म डॉक्टरांपुढे ठेवली.

डॉक्टर फोनकडे धावले. ताईचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं.

"तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज गुरुवार आहे," ताई म्हणाली.