आत्याची गंगा आणि माझी टाकी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार सुभद्राआत्याचे आहेत, आणि त्यांची फेड करायची म्हणून मी तिला ज्या प्रवासाला नेलं, त्या आख्ख्या प्रवासात मी तिला घोटभर पाणी पाजू शकलो नाही.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. नेकनूरहून अंबाजोगाईला बी.एस्सी.ला गेलो, तेव्हा आत्याकडे राहिलो. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. तिथं खानावळ चालवायची. तिच्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार हे नळालाही माहीत नसायचं. पहाटे मी रांगेत जायला उठलो, की ती माझ्या हातातली घागर काढून घ्यायची.

"तू वाच. पाणी माझ्याकडं."

पदवी मिळेपर्यंत मी एकही घागर भरली नाही. पाण्याचं सूत्र मी पाठ केलं आणि पाणी तिनं आणलं.

या आत्याला तरुणपणी कुणाच्या तरी लग्नातलं पाणी पिऊन कावीळ झाली होती. तेव्हापासून तिनं परक्या पाण्याला तोंड लावलेलं नाही. कार्याला जाते ती फिरकीचा तांब्या घेऊन, आणि तांब्या संपत आला की घरची वाट धरते. त्यामुळे तिचं जग एका तांब्याएवढं राहिलं. एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली होती, "समुद्र म्हणत्यात तो एकदा बघायचा हाय बघ. पण तांब्या पुरायचा न्हाई."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. पुढे मी बीडला अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायला लागलो. नोकरी पक्की झाल्यावर शाळेची एक जुनी व्हॅन विकत घेतली आणि वेल्डरकडून तिचं फिरतं घर करून घेतलं. झोपायला फळ्या, एक शेगडी, छोटं बेसिन, आणि बाकाखाली पिण्याच्या पाण्याची टाकी. (रंग पांढरा असल्यामुळे गल्लीतले लोक हळू आवाजात विचारायचे, "घरात कोण सिरियस हाय?")

मी आत्याला सांगितलं, "आता तांब्या नाही, टाकी आहे. घरचं पाणी, थेट समुद्रापर्यंत."

"टाकी धुणार कोण?"

"मी."

"तू?" जन्मात घागर न भरलेल्या माणसाकडे बघावं तसं तिनं बघितलं. "बरं. पयल्या थांब्याला पाणी चाखीन. पटलं तर म्होरं, न्हाई तर तिथनं यष्टी धरून माघारी."

म्हणजे सगळा समुद्र माझ्या टाकीवर येऊन ठेपला.

टाकी स्वच्छ करायची रीत सोपी आहे. ती पाण्यानं भरायची, त्यात क्लोरिनचं औषध टाकायचं, गाडी जरा फिरवायची म्हणजे पाणी कानाकोपऱ्यात पोचतं (आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांचा एवढा एकच शास्त्रीय उपयोग मला सापडला आहे), रात्रभर तसंच ठेवायचं, आणि सकाळी सगळं ओतून देऊन टाकी चांगल्या पाण्यानं खंगाळायची. औषधाचं माप बाटलीवर लिहिलेलं होतं. पण आत्याच्या उपकारांपुढे मला ते माप फारच कमी वाटलं. मी सढळ हातानं ओतलं.

सकाळी नेकनूरच्या घरासमोर मी टाकीखालची तोटी उघडली, तर आबा धावत आले.

"काय करायलास रं?"

"टाकी रिकामी करतोय."

"भरलेली?"

"आबा, ते धुवायचं पाणी आहे."

"भरलेली टाकी कुणी वततं व्हय? टँकर कवा येतोय कुणाला म्हाईत!" त्यांनी तोटी बंद केली आणि तिच्यापुढे उभे राहिले.

गावात टँकर सुरू असताना पाणी ओतणाऱ्या मुलाला पदवीसुद्धा वाचवू शकत नाही. मी म्हटलं, आधी आत्याला स्टँडवरून घेऊन येतो, मग ते पाणी बादल्यांत काढून घेऊ. परत आलो तर सामान गाडीत चढलेलं, आणि आबा समाधानानं म्हणाले, "टाकीचं झालंय. म्या बघितलं."

मला वाटलं, त्यांनी पाणी बदललं. त्यांच्या मते त्यांनी ते वाचवलं होतं.

आत्यानं गाडीला हळदकुंकू वाहिलं, "जरा आत बसून बघते" म्हणाली आणि बराच वेळ एकटीच आत बसली. तिला गाडी आवडली म्हणून मला भरून आलं. मग आत्या, आबा, माझी बायको रेखा आणि मी, असे चौघं निघालो.

पहिला थांबा रस्त्याकडेच्या लिंबाखाली घेतला. मी पेला धुतला, पुसला आणि बेसिनची तोटी उघडली. तोटी खाकरली. आधी एक लांब काडी बाहेर आली, मग पिवळसर पाणी आलं, आणि गाडीत वास सुटला. दवाखान्याची फरशी पुसून वर अत्तर शिंपडावं, तसा.

आत्यानं नाकाला पदर लावला. "आदी तू पी."

मी एक घोट घेतला. (शिक्षकाला वर्गासमोर प्रयोग फसला म्हणून सांगता येत नाही.)

"कसं हाय?"

"स्वच्छ आहे."

"मग रडायलास कावून?"

मी खिडकीबाहेर चूळ टाकली आणि आबांकडे बघितलं. "आबा, पाणी बदललं होतं ना?"

"बदलायचं कावून? चांगलं भरलेलं व्हतं. जरा गढूळ वाटलं म्हणून तुरटी फिरवली."

"किती?"

"हातातनं निसटली."

"म्हणजे खडा आतच आहे?"

"मोठा न्हवता लई," आबा म्हणाले आणि मुठीएवढा आकार करून दाखवला.

रेखा बेसिनमधली काडी निरखत होती. "अहो, मला औषधाचा वास आला, म्हणून मी वाळ्याची जुडी सोडली. आत्यांना गार वाटेल म्हणून."

चौघांपैकी तिघांनी टाकी शुद्ध केली होती आणि रिकामी कुणीच केली नव्हती. आत्यानं तांब्या हलवून बघितला. तो तळाला गेला होता. मग पिशवी उचलून ती खाली उतरली.

"बीडची यष्टी हितं हात केला तर थांबती का?"

माझ्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं, या वेळी क्लोरिनशिवाय. समुद्र गेला होता. निदान टाकी तरी रिकामी करू म्हणून मी गाडीखाली वाकलो आणि तोटीला हात घातला.

"थांब," आत्या म्हणाली. "वतू नको."

"आता काय करायचंय ते ठेवून?"

आत्या पहिल्यांदाच माझी नजर चुकवत होती. "त्यात गंगा हाय."

"काय आहे?"

"शेजारणीनं काशीहून आणलेली. देव्हाऱ्यात व्हती. म्हनलं, टाकी पोरानं धुतलीय. पोराला पाण्यातलं काय कळतंय? थोडी वतली."

आबांनी चपला काढल्या.

त्यानंतर त्या पाण्यानं हात धुवायची सोय राहिली नाही, पाय तर दूरच. ते रस्त्यावर ओतायचं नाही, गटारात सोडायचं नाही, वाहत्या पाण्यातच सोडायचं, आणि तेही जिनं मिसळलं तिच्याच हातानं, असा आत्याचा निकाल पडला. तेवढ्यात बीडची एसटी आली. आत्यानं तिला हात केला नाही.

ऐन उन्हाळा होता. आमच्या भागातल्या ज्या नदीवर थांबलो तिथं खाली वाळू होती. पुढे पश्चिमेकडे एका नदीला पाणी लागलं, पण त्यावर फेस तरंगत होता. आत्यानं पुलावरून वाकून बघितलं आणि म्हणाली, "ह्यात गंगा सोडू? चल म्होरं."

अशा रीतीनं आम्ही ती टाकी देवाच्या पालखीसारखी हळूहळू घाटातून उतरवली. आम्ही तिघं दुकानातल्या बाटल्यांवर राहिलो. आत्या म्हणाली, "त्या कुणी भरल्या म्हाईत हाय का?" ती नुसत्या दुधाचा चहा आणि काकड्यांवर राहिली. कोकणात उतरल्यावर तिला शहाळं दाखवलं. तिनं ते चारी बाजूंनी फिरवून तपासलं. "हे बेस हाय. ह्याचं झाकण कुणी उघडून बघितलेलं न्हाई."

आणि समुद्र आला. तिनं लुगडं जरा वर धरलं आणि पाण्यात उभी राहिली. मी बादल्या भरभरून आणत होतो (वास तोवर पुष्कळ उडाला होता) आणि ती एकेक बादली हात जोडून सोडत होती. उभ्या आयुष्यात मी तिच्यासाठी वाहिलेलं ते पहिलं पाणी. शेवटची बादली झाल्यावर तिनं एक बोट समुद्रात बुडवून चाखलं.

"एवढं पाणी, आन पिता येत न्हाई," ती म्हणाली. "तुझ्या टाकीसारखंच हाय." आणि डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसली.

फोनवर ती अर्धंच ऐकते, म्हणून परतल्यावर मी तिला पत्र लिहिलं.

"ती. सुभद्राआत्यास, सा. न.

तू मला पाणी भरू दिलं नाहीस, म्हणून मी शिकलो. हे तुला कधी तोंडानं सांगितलं नाही, म्हणून लिहितो. दिवाळीनंतर पुन्हा समुद्राला जाऊ. तू बस. पाणी माझ्याकडं.

टाकी मी बाटलीवरच्या मापानं औषध घालून धुतली, आबा शेतात असताना रिकामी केली आणि बऱ्याच वेळा खंगाळली. आता तिच्यात कुणी काही टाकू नये म्हणून झाकणाला कुलूप बसवलं आहे. किल्ली तुझ्याकडेच राहावी म्हणून या पाकिटातून पाठवणार होतो. पण कुलूप दाबून लावण्याआधी पाणी कसं दिसतं ते बघायला मी शेवटचं एकदा आत वाकलो, आणि किल्ली माझ्या वरच्या खिशात होती.

तेव्हा काळजी नसावी. टाकीत आता पाणी आणि किल्ली यांशिवाय काहीही नाही.

तुझा,
दिगंबर, बी.एस्सी. (रसायनशास्त्र)"