आमच्या विहीणबाई घाट चढतात

सपाट रस्ता दिसला की जांभई देणारी आणि चढ दिसला की बाह्या मागे सारणारी बाई कोल्हापूर जिल्ह्यात एकच आहे, आणि ती आमची विहीण आहे. बाकीची माणसं घाट सुखरूप संपला की देवाला हात जोडतात, आमच्या विहीणबाई तो सुरू झाला की जोडतात. उताराबद्दल त्यांचं मत वाईट आहे. "उतारावरनं काय, दगडबी जातोय," असं म्हणत त्या सगळा उतार ब्रेक दाबून, तोंड वाकडं करून, नावडत्या नातेवाइकाच्या बारशाला जावं तशा उतरतात. तळाला पोचून सायकल पुन्हा चढाकडे वळवली की मग चेहऱ्यावर तेज येतं. साठीला टेकलेली, गडहिंग्लजमधल्या कापडाच्या दुकानाची ही मालकीण. गल्ल्यावर बसलेली असली तरी तिचा एक पाय नकळत पॅडल मारत असतो, आणि समोरचं गिऱ्हाईक खण बघता बघता तिच्या पायाकडे बघू लागतं.

सायकल मुळात त्यांची नव्हती. मुलगा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत इंजिनिअर म्हणून लागला, तेव्हा पहिल्या पगारांतून त्यानं गिअरची, बारीक चाकांची महागडी सायकल घेतली, दोन आठवडे चालवली आणि माडीवर टांगली. विहीणबाईंना टांगलेली वस्तू बघवत नाही. त्यांनी ती खाली काढली, सीट खाली केलं, आणि दुकान उघडायच्या आत सामानगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी गडावर गेल्या. तेव्हापासून आजरा, आंबोली, भुदरगड, पन्हाळा, सगळीकडची वळणं त्यांना माहेरच्या उंबऱ्यासारखी पाठ झाली. पोशाख म्हणाल तर सलवार-कमीज, वर चकाकणारं जाकीट आणि डोक्याला हेल्मेट. हेल्मेट अंबाड्यावर बसेना, म्हणून हेल्मेट न बदलता त्यांनी अंबाडाच मानेवर उतरवला. बाकीचे सायकलवाले चढावर शक्तीसाठी चिकट पाकाच्या पुड्या चोखतात. एका तरुणानं तशी एक पुडी भक्तिभावानं त्यांना देऊ केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "ही शांपूची पुडी तुझी तूच खा बाबा," आणि पाठीच्या खिशातून गूळ-शेंगदाणे काढून त्यालाच दिले. चढ फार झाला की त्या सायकलशी कानडीत बोलतात. "बा, बा, निधान बा," म्हणजे ये, ये, हळू ये. मी एकदा विचारलं, मराठीत का नाही? तर म्हणाल्या, "मराठीत ती उलट बोलती."

मुलगी बघायला हे लोक आमच्याकडे कोल्हापूरला आले तो दिवस आमची ही अजून विसरलेली नाही. मोटारीतून व्याही उतरले, मुलगा उतरला, त्याचे काका उतरले, आणि मुलाची आई काही उतरेना. हिनं काळजीनं विचारलं. व्याही शांतपणे म्हणाले, "येत्यात की. निपाणी सोडलीया." पोहे दोनदा गरम झाले. मग फाटक वाजलं आणि विहीणबाई सायकलसकट थेट बैठकीच्या खोलीत आल्या, ती टीव्हीला टेकवून ठेवली, हात धुतले आणि आमच्या स्नेहलसमोर बसल्या. आम्ही मुलीला स्वयंपाकाबद्दल काय बोलायचं ते शिकवून ठेवलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरी, सायकल येती का?" स्नेहल म्हणाली, "येते, पण सवय मोडलीय." "मोडलेली सवय जोडता येती," असं म्हणून त्यांनी बशीतला लाडू उचलला, आणि लग्न ठरलं. लग्नात विहिणीचे पाय धुताना उजव्या पोटरीवर साखळीच्या तेलाचा काळा पट्टा निघाला. आमच्या हिनं आधी पाण्यानं, मग साबणानं, शेवटी लिंबू मागवून तो घासला. विहीणबाई वाकून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. ते आता कातड्याचंच हाय."

लग्नानंतर सासू आणि सून दर रविवारी घाटात. स्नेहल त्यांना कानडी पद्धतीनं अत्ती म्हणायची. सुनेसाठी त्यांनी स्वतः पसंत करून सायकल आणली. मी पेठेत, बँकेत, भाजीच्या गाडीवर, जिथं दोन माणसं उभी असतील तिथं, विषय काहीही असो, "आमच्या विहीणबाई आणि स्नेहल काल आंबोली चढून आल्या" हे सांगितल्याशिवाय पुढं जात नसे. लोक मला टाळू लागले होते, तरी मी त्यांना गाठत असे.

पण नवराबायकोचं जुळलं नाही. भांडणं झाली असती तर मध्ये तरी पडता आलं असतं. दोघं भांडलीच नाहीत, नुसती एकमेकांना पाहुण्यासारखी वागवू लागली. चार वर्षांनी सामोपचारानं कोर्टात सह्या झाल्या. स्नेहल दोन बॅगा घेऊन घरी आली, नोकरीवर जायची, यायची, दार लावून घ्यायची. सायकल गडहिंग्लजलाच राहिली होती. तिचं नाव कुणी काढायचं नाही, असं न ठरवता ठरलं होतं. विहीणबाईंना आता काय म्हणायचं हाही प्रश्न होता. जावई माजी होतो हे मला कळत होतं, पण विहीण माजी होते का, हे सांगणारं कुणी भेटेना.

अशात एका सकाळी फाटक वाजलं. हिनं दार अर्धंच उघडलं. बाहेर विहीणबाई उभ्या होत्या, घामानं निथळत, आणि हातात स्नेहलची सायकल.

"पोरीची सायकल धूळ खात हुती. आणून द्याय आलो," त्या म्हणाल्या. "मी यष्टीनं जातो परत."

मी सायकलीकडे पाहिलं. स्नेहल त्यांच्यापेक्षा बरीच उंच आहे, आणि सीट तिच्याच उंचीला होतं. त्यावर बसून त्यांचे पाय पॅडलला कसेबसे टेकले असतील. गडहिंग्लजपासून कोल्हापूरपर्यंत ही बाई जवळजवळ लोंबकळत आली होती. मी म्हटलं, "अहो, सीट तरी खाली करायचं."

"तिच्या मापाचं हाय ते. हलवलं असतं तर परत जुळवत बसाय लागलं असतं तिला."

ही दाराआडूनच म्हणाली, "पण आता नातं काय राहिलंय आपलं?" बोलणं तोडायचा तिचा हेतू नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. विहीणबाईंनी पदर नसल्यामुळे ओढणीनं तोंड पुसलं. "नातं कोर्टानं मोडलं असंल. रविवार कुठं मोडलाय?" मग दार पूर्ण उघडलं. आतून स्नेहल आली, सायकल घेतली, आणि चाकातली हवा दाबून बघितली.

पुढच्या रविवारी दोघी गगनबावड्याकडे निघाल्या. स्नेहलचा सराव सुटलेला, म्हणून मी मागून मोटार घेतली. गगनबावड्यापर्यंत ठीक गेलं. दोघी करूळ घाट उतरून गेल्या, आणि परत चढताना अर्ध्यावर स्नेहल थांबली. कठड्याला सायकल टेकवली आणि म्हणाली, "अत्ती, मला नाही जमायचं. मी गाडीतनं येते." मी इतका सुखावलो, की तिचं बोलणं संपायच्या आत मागचं दार उघडून उभा राहिलो.

"जा की," विहीणबाई म्हणाल्या. "गाडी हाईच. पर आधी इथं रडून घे. गाडीत बापासमोर रडता यायचं न्हाई तुला." मग माझ्याकडे वळल्या. "पावणं, तुम्ही जरा दरी बघा."

मी दरी बघितली. तेवढ्या बारकाईनं ती कुणी बघितली नसेल. समोरच्या कड्यात काळ्या खडकाचे थर भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक रचलेले. हा सगळा डोंगर एके काळी पिठल्यासारखा रटरटत होता आणि थरावर थर निवत गेला, असं विहीणबाईंनीच मला कधी तरी सांगितलं होतं. खाली कोकणाकडे धुकं, मध्ये एक घार. मागून रडण्याचा आवाज आला, मोठा, लहानपणी गुडघा फुटल्यावर यायचा तसा. मी घार बघत राहिलो. बऱ्याच वेळानं आवाज थांबला. आणखी थोडं थांबून मी वळलो, तर कठड्यापाशी कुणी नव्हतं. दोन्ही सायकली वरच्या वळणावर गेल्या होत्या, आणि वाऱ्यावर "निधान बा" ऐकू येत होतं. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. मी मोटारीचं दार लावलं. ती घरी आल्यापासून सहा महिन्यांत पहिल्यांदाच मला माझ्या लेकीची पाठ ताठ दिसत होती, आणि ती बघताना माझी मोटार दोनदा बंद पडली.

वर गगनबावड्यात भजी तळणाऱ्या बाईनं त्या दोघींना आपादमस्तक न्याहाळलं, आणि मला विचारलं, "ह्या थोरल्या बाई कोण वो तुमच्या?" स्नेहल माझ्याकडे बघू लागली. विहीणबाई मिरचीचं देठ काढण्यात गुंतल्या.

"आमच्या विहीणबाई," मी म्हटलं. "करूळ चढून आल्यात." कुणी माझी चूक काढली नाही. भजीवाल्या बाईनं त्यांच्या बशीत दोन भजी जास्तीची टाकली.

त्याला आता दोन वर्षं झाली. स्नेहल हल्ली घाटात त्यांच्या पुढं निघून जाते आणि वर थांबते, मी मागून मोटारीनं येतोच. गेल्या महिन्यात विहीणबाईंचा फोन आला. "पावणं, पोराचं लगीन ठरलं. स्नेहलला कालच सांगितलंय. तुमच्या कानावर भलतीकडनं नको, म्हणून फोन केला." मी अभिनंदन केलं. नवी माणसं कशी आहेत, ते विचारलं.

"माणसं चांगली हायत. नव्या विहीणबाईबी गरीब स्वभावाच्या हायत. पर त्यांना गाडी लागती. आंबोलीला घेऊन गेलतो, तर मोटारीतच सारखं थांबाय लागलं."

त्या भल्या बाईंना मी पाहिलेलंही नाही, पण त्यांना घाट सोसत नाही हे ऐकून मला फार बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. मग विहीणबाई जरा खालच्या स्वरात म्हणाल्या, "तुमच्यावाणी मागनं येणारं माणूस परत मिळायचं न्हाई, पावणं."

मी नुसता फोन कानाला धरून बसलो. तिकडून त्यांनीही ठेवला नव्हता.