बशीतल्या काळजाला पाणी

शिगेनोमावशी टोफूशीसुद्धा भांडते. साच्यातून वडी फुटून निघाली, की "कुणाचा राग काढतेयस गं?" म्हणून तिलाच दटावते. जपानातल्या उजी गावी, गल्लीतल्या तिच्या दुकानात गिऱ्हाईक टोफूइतकंच तिच्या बोलण्यासाठी येतं.

तिचे यजमान एइकिचीकाका गावच्या न्हाणीघरात, गरम पाण्यात बसल्या बसल्या गेले. ओल्या कापसानं मरणाऱ्याच्या ओठांना शेवटचं पाणी लावतात, ते तिनं नंतर लावलं. नंतर लावलं तरी चालतं, असं सगळ्यांनी सांगितलं.

"श्वास असताना द्यायचं असतं," मावशी म्हणायची. "ते पोचलंच नाही त्याला."

काकांचं हृदय जन्माचंच अधू. म्हणून त्यांनी आमच्या प्रयोगशाळेला कातडीचा एक कण दिला होता आणि त्यातून आम्ही हृदयाच्या पेशी वाढवल्या होत्या. शनिवारी जेवताना मी सहज बोलून गेले, "काकांच्या पेशींचं काम झालं. सोमवारी टाकून देणार."

"जिवंत आहेत?"

"धडधडतात, मावशी."

तिच्या हातातल्या जेवायच्या काड्या थांबल्या. "मेला! बायको इकडे एकटी, आणि हा तिकडे धडधडत बसलाय!"

सोमवारी ती काळा किमोनो नेसून आली. दुकानाच्या विहिरीचं पाणी बाटलीत, आणि काडीला गुंडाळलेला कापूस. आमच्या प्रयोगशाळेच्या होशिना सरांनी काही न विचारता खुर्ची पुढे केली.

तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काचेच्या बशीच्या तळाशी काकांच्या पेशींची पातळ साय धरलेली. ती आकसायची, सुटायची, पुन्हा आकसायची.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "सगळ्या एकदम कशा?"

"आधी प्रत्येकीचा ताल वेगळा असतो," सर म्हणाले. "एकमेकींना चिकटल्या की एक होतो."

"आमचा व्हायला तीस वर्षं लागली." मग हळूच, "सर, तो आहे का हो इथे?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पण घातला नाही. "मला माहीत नाही, बाई. रोज बघतो. खरंच माहीत नाही."

मावशीनं कापूस भिजवला. सर घाईघाईनं म्हणाले, "साधं पाणी आत गेलं तर पेशी फुगून फुटतील. आज टाकायच्याच आहेत म्हणा, पण..."

कापूस बशीवर तसाच थांबला. एक थेंब टोकाशी जमून थरथरत होता.

"म्हणजे माझ्याच पाण्यानं?"

सरांनी मान हलवली.

"वेडे आहात दोघं," मावशी म्हणाली. "ते पाणी प्यायचं थोडंच असतं?"

तिनं कापूस बाजूला घेतला, थेंब तळहातावर झेलला आणि बशीच्या काठावरून, बाहेरच्या बाजूनं, ओला कापूस फिरवला. ओठावरून फिरवतात तसा, डावीकडून उजवीकडे.

मग पुन्हा डोळा लावला. आतलं आकसणं, सुटणं चालूच होतं. तिची पाठही त्याच लयीत वरखाली होऊ लागली होती.

"पोचलं," ती म्हणाली आणि खुर्ची सोडून उठली.

टाकण्यासाठी बशी सरांनी उचलायची होती. त्यांनी आधी कमरेत वाकून बशीला नमस्कार केला.