दुपारची नावे

लिहून देणार : मी स्वतः, कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल टाकून अर्ज लिहिणारा, शिक्षण इयत्ता नववी, अनुभव सव्वीस वर्षे. ज्यांच्याविषयी : आमच्या गल्लीतले तपासनीसकाका, सांवेर रोडच्या पंप-कारखान्यातून निवृत्त, मुक्काम इंदूर. साक्षीदार : काकू आणि समोरचे शर्माजी. घटनेचा काळ : एक फेब्रुवारीपासून जानेवारीपर्यंत, असे एक वर्ष.

इंदुरात राहून आयर्लंडात नांदलेला मनुष्य या पृथ्वीवर एकच झाला, आणि तो माझ्या शेजारी राहत होता, याचा धक्का मला अद्याप ओसरलेला नाही. काकांची एकुलती एक मुलगी, बेबी, तिकडच्या एका छोट्या गावात इस्पितळात नर्स आहे. ती रुजू झाली आणि काकांनी त्या देशाचे पंचांग पाळायला घेतले. एक फेब्रुवारीला तिथे गवताचा क्रॉस विणून दारावर लावतात असे कळताच त्यांनी नव्या झाडूच्या काड्या उपसल्या. काकू पुढे महिनाभर अर्ध्या झाडूने घर झाडत होत्या. मार्चमध्ये तिकडच्या हिरव्या रंगाच्या सणाचे म्हणून आम्हाला हिरवे पोहे खावे लागले. गणेश मंडळाच्या अध्यक्षाची निवडणूक तर त्यांनी संपूर्ण आयरिश पद्धतीने घेतली. चार उमेदवार, आणि प्रत्येकाने पसंतीचे आकडे लिहायचे. जो पडेल त्याची मते दुसऱ्या पसंतीच्या माणसाला जायची. मोजणी सकाळी सुरू होऊन दिवेलागणीला संपली आणि आधी तिसरा असलेला गृहस्थ अध्यक्ष झाला. शर्माजी सुन्न होऊन म्हणाले, "भिया, हारे हुए का वोट भी काम आ गया, ऐसा तो अपने यहाँ कभी देखा नहीं."

परंतु खरा आघात पुढेच होता. तिकडच्या जिल्ह्याचा रेडिओ रोज सकाळी मयतांची नावे वाचतो. आपल्याकडे तेव्हा दुपार असते. काका फोन कानाला लावून माझ्या टेबलाशी येत, चप्पल काढून ती नावे ऐकत, आणि म्हणत, "आज तीन आहेत. घ्या कागद." मग मी सांत्वनाची पत्रे लिहायची, तीही मराठीत, कारण माझ्या अक्षराला वजन आहे असे त्यांचे मत होते. पत्राचा फोटो बेबीला जाई. ती त्याची छापील प्रत घेऊन, ड्यूटी सांभाळून, ज्या घरी जमेल तिथे जाई, हात हाती घेई, अर्थ सांगे, चहा पिऊन परत येई. तिथे अनोळखी माणसानेही असे जाण्याची रीत आहे. बेबी फोनवर कुरकुरत असे, की बाबा मला कामाला ठेवलंय की रडायला. काकूंचा प्रश्न वेगळा होता. त्या मला म्हणाल्या, "समजवा ना जरा यांना. घरात रोज सुतक, आणि ओळखीचा एक नाही."

मी समजावले. काकांनी शांतपणे ऐकून घेतले. तोवर डॉक्टरांनी त्यांना जिना चढायची मनाई केली होती.

"भिया, बेबी तिथे अकेली आहे," ते म्हणाले. "माझी खबर तिला जाईल, त्या दिवशी तिचं दार कोण वाजवणार? म्हणून आधी आपण जाऊन ठेवायचं."

जानेवारीत, वर्ष पुरे व्हायच्या आत, काका गेले. बेबीचे विमान दुसऱ्या दिवशीचे होते. दहाव्याला तिने मला सांगितले ते मी तिला तीनदा सांगायला लावले. इस्पितळातल्या कोणीतरी रेडिओला नाव कळवले होते. सकाळी रेडिओवर काकांचे नाव, वाकडेतिकडे का होईना, वाचले गेले. पुढे 'इंदूर' असेही म्हटले. अर्ध्या तासात तिच्या दारापासून रस्त्यापर्यंत माणसे रांगेत उभी. कोणाच्या हातात सँडविच, कोणाच्या केक. प्रत्येकाने हात हाती घेतला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने खिशातून माझ्या अक्षरातला कागद काढून दाखवला. त्याच्या बायकोच्या वेळचा. "काका, मला एक मिनिट एकटं बसू दिलं नाही त्यांनी," बेबी मला म्हणाली.

एक फेब्रुवारीला काकूंनी झाडूच्या काड्या स्वतःच काढून दिल्या. क्रॉस मी विणला. वाकडा झाला आहे.

सबब त्या गावच्या समस्त रहिवाशांस नम्र विनंती की, बेबी आपल्याकडे तिकडे परत आली आहे, तिच्या दारी जाणे-येणे चालू ठेवावे. दुपारी रेडिओ मी लावतो, परंतु मला इंग्रजी उमगत नाही. तरी आज कोणाची नावे वाचली ते कृपया लेखी कळवावे. कागद तयार ठेवला आहे.