दोमितिलाच्या हृदयावरची चरबी

लिमा शहरातल्या सुर्कीयोच्या बाजारात मी तीस वर्षं गुरांची हृदयं, आतडी आणि जिभा विकतोय. त्यातली बावीस वर्षं दोमितिला हुआर्काया माझं पहिलं गिऱ्हाईक होती. सकाळी यायची, सहा हृदयं दाबून बघून घ्यायची आणि माझ्याच फळीवर साफ करायला बसायची. संध्याकाळी कोपऱ्यावर तिची शेगडी पेटायची. व्हिनेगर आणि लाल मिरचीत मुरवलेले हृदयाचे तुकडे काडीला लावून ती भाजून विकायची. तिच्याइतकं स्वच्छ हृदय अख्ख्या लिमात कुणी सोलत नसेल. अंगठा घालून चरबी अशी ओढायची, की खालचं मांस लख्ख निघायचं. चरबी बादलीत, बादली कुत्र्यांना.

ती माझी कोमाद्रे, म्हणजे माझ्या लेकीची धर्ममाता, आणि त्या नात्यानं मी तिचा कोंपाद्रे. हातपाय काटकुळे, पोट तेवढं सुटलेलं. ऑक्टोबरमधल्या चर्चच्या मोठ्या मिरवणुकीसाठी सगळ्या बायकांसारखी तीही महिनाभर जांभळा झगा घालायची, कमरेला पांढरी दोरी. त्या दोरीचं लोंबतं टोक दर वर्षी आखूड होत गेलं. आम्ही त्यावरून तिला चिडवायचो.

गेल्या जुलैत जिना चढताना तिला धाप लागली. दवाखान्यातून आली ती थेट माझ्या फळीशी.

"कोंपाद्रे, डॉक्टरीण म्हणते माझ्या हृदयाभोवती चरबी साचलीय. चांगला जाड थर."

"तुझ्या? तू तर खराट्याची काडी!"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणे, अंगावर दिसली नाही तरी आत असते. आणि ती नुसती पडून राहत नाही, शेजारच्या रक्तवाहिन्या सुजवते, आतून अरुंद करते. गोळ्या घ्या, रोज चाला, पोट कमी करा. पुढची तपासणीही लगेच करा म्हणाली."

"वय काय त्या पोरीचं?"

"असेल तिशीची."

"मग तिनं हृदयं किती हातात धरलीत? चरबी बाहेर असते गं. तू रोज सोलतेस. खाली कधी मांस खराब निघालं?"

"कधीच नाही."

"मग? गादी असते ती. ऊब देते हृदयाला."

दोमितिला हसली. तिच्या चेहऱ्यावरची भीती गेली आणि मला माझा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

"तपासणी मिरवणुकीनंतर बघू," ती म्हणाली. मिरवणुकीच्या दिवसांत तिच्या शेगडीला उसंत नसायची.

अठरा ऑक्टोबरला दुपारी कोळसे फुलवता फुलवता ती खाली बसली. जबडा दुखतोय, एवढंच शेजारणीला म्हणाली. मी धावत पोचलो. दोरीची गाठ पोटात रुतली होती, ती मी सोडली. उपयोग झाला नाही.

डॉक्टरीण म्हणाली, हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली होती. मग तिनं विचारलं, "या पुन्हा आल्या का नाहीत?"

दफनानंतर दुकान उघडलं. एक हृदय फळीवर घेतलं, पण चरबी ओढून काढली नाही. सुरीनं हळूहळू चिरत गेलो. आत एक नळी होती, हृदयाला रक्त पुरवणारी. चारी बाजूंनी चरबीतच गुंडाळलेली. तीस वर्षं मी ती न बघता चरबीबरोबर बादलीत टाकत आलो होतो, आणि दोमितिलाला सांगून बसलो होतो, की मला हृदयातलं कळतं.