सांदण दरीतला बघण्याचा कार्यक्रम

दिनांक ८ नोव्हेंबर २०२५, शनिवार, पहाटे साडेचार वाजता मी नगरमधल्या आमच्या चर्चच्या फाटकापाशी उभा होतो. सहल साडेचारला निघेल असे कळवण्यात आले होते. गाडी पाच वाजून गेल्यावर आली. या विलंबाबद्दल कोणीही दिलगिरी व्यक्त केली नाही.

सहल ज्येष्ठ मंडळींची होती. रंधा धबधबा, सांदण दरी, गावात जेवण आणि त्याच दिवशी परत. मला धबधब्यांत रस नाही. पाणी उंचावरून खाली पडते, याहून अधिक तिथे काही घडत नाही. मी निघालो होतो ते वेगळ्या कारणाने. त्या दिवशी मला बघितले जाणार होते.

खुलासा करतो. माझे वय त्र्याहत्तर. नागापूरच्या एका पंपांच्या कारखान्यात तयार माल तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली. पत्नी सहा वर्षांपूर्वी वारली. मुलगा आणि सून जवळ आहेत. दोघे सकाळी कामाला जातात, अंधार पडल्यावर येतात. उन्हाळ्यात पाळकीणबाईंनी, म्हणजे आमच्या पाळकांच्या पत्नीने, एक स्थळ सुचवले. राहात्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका, विधवा, वय अडुसष्ट. मी नाही म्हणालो. पाळकीणबाई दर रविवारी उपासनेनंतर तेच पुन्हा विचारत राहिल्या. शेवटी मी बघू म्हणालो.

रीतीप्रमाणे राहात्याला जाऊन चहा घ्यावा, असे माझ्या मनात होते. मुख्याध्यापिका बाईंनी उलट निरोप धाडला. तासाभराच्या चहात कोणीही सभ्यच असतो; माणूस बघायचा तर दिवसभर बघावा, आणि शक्यतो दमलेला बघावा. त्यांनी स्वतःचे नाव सहलीत घातले आणि होकार की नकार ते त्याच दिवशी सांगेन, असेही कळवले. मला ही पद्धत योग्य वाटली. पंपाची परीक्षा आम्हीही तो दिवसभर चालवूनच घेत असू.

मुलगा मोटारसायकलवर सोडायला आला होता.

"पप्पा, आज जरा हसत राहा."

"हसण्यासारखं काही घडलं तर हसेन."

"नाही घडलं तरी हसा," तो म्हणाला आणि गाडी वळवून गेला.

बाई बाभळेश्वरच्या चौकात चढल्या. पंजाबी ड्रेस, त्यावर स्वेटर, पायात नातवाचे असावेत असे हिरव्या पट्ट्यांचे बूट. पाळकीणबाईंनी माझ्या शेजारची जागा नगरपासून स्वतःची पिशवी ठेवून राखली होती. ती पिशवी त्यांनी उचलली आणि दुसऱ्या बाजूला, अगदी खिडकीबाहेर पाहत बसल्या. बाहेर अजून नीट उजाडलेही नव्हते.

"तुम्हीच ना ते?" बाई बसता बसता म्हणाल्या.

"मीच."

"बरं झालं. मला वाटलं, मागच्या सीटवर घोरताहेत ते."

लोणी मागे पडेपर्यंत त्यांनी माझी बदली, बढती, रक्तदाब आणि औषधे विचारून घेतली. प्रश्न नेमके होते. संगमनेरच्या अलीकडे त्या जरा थांबल्या, चष्मा पुसला आणि मुद्द्यावर आल्या.

"माझ्या मिस्टरांना सात महिने छातीत दुखत होतं. विचारलं की म्हणायचे, काही नाही, गॅस झाला. शेजाऱ्याला सांगितलं, मेडिकलवाल्याला सांगितलं, मला नाही. मला कळलं ते दवाखान्यात. तेव्हा काही करण्यासारखं उरलं नव्हतं. मला पेन्शन आहे, घर आहे, स्वयंपाक येतो. मला कोणाकडून काही नको. पण दुखणं लपवणारा माणूस मी पुन्हा घरात घेणार नाही. एवढी एकच अट आहे. दुखलं तर सांगायचं."

"मान्य," मी म्हणालो.

"इतक्या लवकर?"

"अट सोपी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. पुष्कळ वर्षे मुलांची उत्तरे ऐकलेल्या माणसाचे ते पाहणे होते.

अकोल्यात चहा झाला. तिथून पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातकापणी चालू होती. रंध्याला पोचलो तेव्हा ऊन वर आले होते. धबधबा मोठा होता, हे मान्य करतो. कठड्यापाशी उभे राहिले की तोंडावर तुषार येत आणि शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसे. मला दोन्ही गोष्टी आवडल्या. बाईंनी आपली पर्स माझ्या हातात दिली आणि पाण्याचे फोटो काढायला कठड्याच्या टोकापर्यंत गेल्या. पर्स लाल होती. मी ती बराच वेळ धरून उभा राहिलो.

"साहेब, शोभते हो," पाळकीणबाई म्हणाल्या.

"वजनाला बरी आहे," मी म्हणालो.

साम्रद गावात वाटाड्या भेटला. चाळिशीचा, सडपातळ, पायात रबरी चपला. त्याने सगळ्यांना लाइफ जॅकेट घातली, पट्टे स्वतः ओढून पाहिले आणि सूचना दिल्या.

"दरीत पानी हाय, कंबरेइतकं. दगड लई गुळगुळीत हायेत. मी जिथं पाय ठेवीन तिथंच पाय ठेवायचा. फोटोसाठी मागं सरकायचं न्हाई. मागं सरकलेला मानूस मी लई उचललाय. आजोबा, काठी घ्या."

"नको."

"बरं," तो म्हणाला आणि काठी बाईंना दिली. त्यांनी लगेच घेतली.

सांदण ही जमिनीला पडलेली भेग आहे. गावातून जाताना ती दिसत नाही. झाडीतून पायवाट खाली उतरते आणि एका वळणावर दोन्ही बाजूंनी काळे कडे उभे राहतात. तळाशी दोन-चार माणसे शेजारी शेजारी चालू शकतील एवढीच रुंदी. आकाश वर राहते, फितीएवढे. ऊन तळापर्यंत पोचत नाही. भर सकाळी तिथे तिन्हीसांजेचा उजेड होता आणि हवा फ्रिजचे दार उघडल्यासारखी. मंडळी गप्प झाली. आमची मंडळी गप्प होणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

पाणी लागले. वाटाड्या मध्ये उभा राहून एकेकाला हात धरून पुढे सोडत होता. पाणी इतके थंड होते की एक गृहस्थ भजन म्हणू लागले आणि पहिल्याच ओळीत त्यांचा आवाज चिरकला. माझ्या मागे बाई होत्या. मी वाटाड्याचा हात न धरता पार झालो. पलीकडे बाहेर पडताना त्याने दाखवलेला दगड मला लहान वाटला, म्हणून मी दुसऱ्यावर पाय ठेवला. तो दगड हलला. उजवा पाय फटीत गेला आणि घोट्यातून वळला.

"लागलं का, आजोबा?" वाटाड्याने विचारले.

"काही नाही," मी म्हणालो.

हे मी विचार करून म्हणालो नाही. शब्द तोंडात तयार असतात, ते बाहेर पडले. पडल्यावर मला कळले की मागे कोण आहे. मी वळून पाहिले नाही.

पुढची वाट मोठ्या शिळांची होती. एका शिळेवरून उतरायचे, दुसरीवर चढायचे. प्रत्येक उतरणीला घोट्यातून कळ जात होती. मी मनाशी हिशेब मांडला. आता सांगावे, तर मघाशी का सांगितले नाही, हा प्रश्न येणार. न सांगावे, तर उत्तर होकाराचे येईलही. पण मग तो होकार मी चुकीचा माल दाखवून मिळवलेला असेल. असा माल मी जन्मभर परत पाठवला आहे. तरीही पुढच्या दोन शिळा मी मुकाट्याने पार केल्या. बाई मागून येत होत्या आणि आपल्या शाळेची एक सहल सांगत होत्या, जिच्यात एक शिक्षक नेवाशाला राहून गेले आणि मुले सगळी परत आली. मी योग्य जागी हुंकार देत होतो.

मग छातीइतकी एक शिळा आली. पाळकीणबाई आणि बाकीचे वर चढून पुढे गेले. बाई बाजूने काठी टेकत वर गेल्या, वळल्या आणि मला हात दिला. मी हात धरला नाही. उभा राहिलो.

"माझा पाय दुखतो आहे."

"कधीपासून?"

"पाण्यापासून."

"तिथे त्याने विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही काही नाही म्हणालात."

"हो."

"मी ऐकलं होतं," बाई म्हणाल्या. त्या शिळेच्या कडेवर बसल्या आणि हिरव्या पट्ट्यांचे बूट हलवू लागल्या. "अर्धा तास होत आला. मी म्हटलं, बघू या कुठपर्यंत जातात."

"मग?"

"मिस्टरांना सात महिन्यांत जमलं नाही. तुम्ही अर्ध्या तासात सांगितलंत." त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "पण पास अजून केलेलं नाही. संध्याकाळ व्हायची आहे."

त्यांनी वाटाड्याला हाक मारली. दरीत हाक दोनदा ऐकू आली. तो आला, माझा बूट काढला, घोटा दाबून पाहिला. मी या वेळी विचारण्याआधीच सांगितले, कुठे दुखते आणि किती. त्याने स्वतःचा पंचा फाडून घोटा आवळून बांधला. बाकीची मंडळी दरीच्या टोकापर्यंत जाऊन येईपर्यंत आम्ही तिघे तिथेच बसलो. टोकाला दरी एकदम खाली तुटते आणि पलीकडे कोकण दिसते, असे वाटाड्याने सांगितले. मी ते पाहिले नाही.

परतीला पुन्हा पाणी आले. वाटाड्या माझ्यापुढे पाठ करून वाकला.

"बसा."

"मी चालेन."

"आजोबा, या पाठीवर लई मोठेमोठे सायेब बसून गेल्यात. तुमी तर हलके दिसता."

मी बाईंकडे पाहिले. त्या मुद्दाम कड्याकडे पाहत होत्या. मी पाठीवर बसलो. लहानपणानंतर मी कोणाच्या पाठीवर बसलो नव्हतो. पाय कुठे ठेवायचे तेही आठवेना. मागून बाई एका हातात काठी, एका हातात माझा बूट घेऊन पाण्यात उतरल्या. पलीकडच्या काठावर पाळकीणबाई मोबाईल समोर धरून उभ्या होत्या.

"हा फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकायचा नाही," मी पाठीवरून सांगितले.

"टाकला की. रेंज आली की जाईल."

त्या वेळी, मुलाच्या सूचनेची आठवण नसतानाही, मी हसलो. वाटाड्या म्हणाला, हलू नका.

जेवण गावातल्या एका घराच्या ओसरीवर होते. नागलीची भाकरी, पिठले, ठेचा, नव्या तांदळाचा भात. मी भात एक घास खाल्ला आणि तो किंचित अधिक शिजला असल्याचे सांगितले.

"हे बघा," बाई पाळकीणबाईंना म्हणाल्या, "भाताचं लगेच कळवतात. पायालाच अर्धा तास लागतो."

"साहेबांचं असंच आहे. कॉयरमध्ये कोण बेसूर गेलं ते शेवटच्या बाकावरून सांगतात."

"ते खरं असतं," मी म्हणालो.

"खरंच असतं हो. म्हणून तर कोणाला आवडत नाही."

भात दोनदा घेतला. चांगला होता.

परतीच्या वाटेवर बाई झोपल्या. डोके खिडकीला टेकलेले होते. गाडी खड्ड्यातून गेली की ते आपटत असे, म्हणून मी माझी शाल घडी करून मध्ये सरकवली. त्यांना जाग आली नाही, किंवा आली असल्यास त्यांनी दाखवले नाही. बाभळेश्वरला उतरताना त्यांनी होकारही दिला नाही, नकारही नाही. दारात उभ्या राहून एवढेच म्हणाल्या, "घरी पोचल्यावर फोन करा. पायाचं काय ते सांगा. खरं सांगा."

गाडी सुटली.

"काय म्हणाल्या?" पाळकीणबाई पुढच्या सीटवरून पूर्ण वळून विचारत्या झाल्या.

"पायाचं कळवा म्हणाल्या."

"एवढंच?"

"एवढंच."

पाळकीणबाई पुढे वळल्या आणि राहुरीपर्यंत मोबाईलमध्ये डोके घालून बसल्या.

मुलगा फाटकाशी न्यायला आला होता. मी लंगडत आलो तसे त्याने विचारले, "पायाला काय झालं?"

काही नाही, हे शब्द पुन्हा तोंडात आले. मी ते गिळले आणि मुरगळला म्हणून सांगितले. तो इतका चमकला की मोटारसायकल आडवी होता होता राहिली.

घरी येऊन मी पंचा सोडला, पाय नीट पाहिला आणि मगच फोन लावला.

"घोटा सुजला आहे. बाहेरच्या बाजूला निळा पडलाय. बोटं हलतात. जोर दिला की दुखतं, बसल्यावर थोडं कमी."

"आणखी?"

"डावा गुडघा दोन वर्षं दुखतो. मुलाला माहीत नाही."

"आणखी?"

"दिवसभर घर फार शांत असतं. हे दुखण्यात धरायचं की नाही, ते मला ठाऊक नाही."

त्या बाजूला टीव्ही चालू होता. तो बंद झाल्याचे ऐकू आले.

"धरायचं," बाई म्हणाल्या. मग नेहमीच्या आवाजात सुरू झाल्या. "उद्या उपासना झाली की मी नगरला येते. सुनेला सांगून ठेवा, दुपारी जेवायला आहे. सोमवारी एक्स-रे काढू, मी सोबत असेन. राहात्याचं घर मी विकणार नाही, तेव्हा कुठे राहायचं ते उद्या बसून ठरवू. पाळकीणबाईंना तुम्हीच कळवा. माझा एक तास जाईल."

"कळवतो."

"आणि आत्ता त्या पायाला बर्फ लावा. स्वतः उठून आणायचा नाही."

पाळकीणबाईंचा फोन दोनदा लावला. दोन्ही वेळा त्या दुसऱ्या कोणाशी तरी बोलत होत्या. मग मुलाला हाक मारली आणि बर्फ फडक्यात गुंडाळून आणायला सांगितला.